गांजाचा भाव हा बंदीचा भाव

उघड्या रानात गांजा लावायला परवानगी द्या, म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचे दैन्य फिटेल, ही मागणी महाराष्ट्रात अधूनमधून डोके वर काढते. ऑगस्ट 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावू द्यावा असा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, तेव्हा तिला राज्यभर प्रसिद्धी मिळाली. कोणत्याच पिकाला धड भाव नाही, गांजाला मात्र आहे, एवढाच त्या अर्जाचा मुद्दा होता. अर्जामागचा संताप खरा होता. हा प्रसिद्धीचा खटाटोप आहे असे म्हणून तो झटकून टाकणे हे काही त्याला उत्तर नव्हे. मात्र अशा अर्जांभोवती शहाण्यासुरत्या मंडळींनी जो युक्तिवाद रचला आहे, त्याला उत्तर देण्याची गरज आहे.

तो युक्तिवाद साधारण असा असतो. गांजा ही या देशातली जुनी वनस्पती आहे. 1985 पर्यंत ती कोणीही लावत असे. अमेरिकेच्या दडपणाखाली सरकारने ती एका फटक्यात बेकायदा केली. ती तणासारखी उगवते, खत, पाणी, औषध काही मागत नाही. तिला किलोमागे हजारोंचा भाव आहे. तेव्हा बंदी उठवा, शेतकरी मालामाल होईल. यातले पहिले विधान खरे आहे. पुढची एकेक करून तपासली तर फारसे काही हाती लागत नाही.

1985 पूर्वीचा गांजा मोकळा होता, ही समजूत सर्वांत पक्की आणि सर्वांत चुकीची आहे. ब्रिटिश अमलात गांजा विकत मिळत होता हे खरे, पण तो परवानाधारक दुकानात, अबकारी कर भरून मिळत होता. पिकवणाऱ्यावरचा जाच तर विकणाऱ्याहून अधिक होता. बंगालमध्ये गांजाचे पीक राजशाही जिल्ह्यातील नवगाव आणि त्याच्या आसपासच्या छोट्या पट्ट्यात कोंडलेले होते. हा पट्टा आज बांगलादेशात आहे. मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर हे गांजाचे मुलूख. शेतकऱ्याने परवाना काढायचा, कोणत्या शेतात किती क्षेत्र ते नोंदवायचे, पिकाची पाहणी होऊ द्यायची, माल सरकारी देखरेखीखालच्या कोठारात न्यायचा आणि परवानाधारक व्यापाऱ्यालाच विकायचा. सरकार जो कर घेई, तो शेतावरच्या भावाच्या कितीतरी पट असे. गांजाने सरकारी तिजोरी भरली. नवगावच्या शेतकऱ्यांची बाजू सावरायला 1917 मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्था काढावी लागली, आणि ती कायदेशीर पीक घेणाऱ्यांची संस्था होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या संदर्भात 1893-94 च्या भांग-गांजाविषयक आयोगाचा दाखला हमखास दिला जातो. ब्रिटिश पार्लमेंटात विचारलेल्या प्रश्नावरून नेमलेल्या, मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने बाराशेच्या आसपास साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनाने सहसा शरीराला, मनाला किंवा नीतीला इजा होत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हे उद्धृत करणारे पुढचे पान उलटत नाहीत. त्याच आयोगाने परवान्याशिवाय लागवड करायला बंदी असावी, परवान्याची लागवडही मोजक्या भागात एकवटावी, भरपूर कर लावावा, दुकाने मर्यादित ठेवावीत आणि माणसाजवळ किती माल असावा यावरही मर्यादा घालावी, अशी शिफारस केली होती. बंदीला त्याचा विरोध होता आणि मोकळ्या लागवडीलाही. त्याला अर्धाच साक्षीला उभे करणे हा वकिली कावा झाला.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर 1985 ची गोष्ट आणखी लंगडी पडते. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा नावाने दारूचा असला तरी त्याच्या कक्षेत गांजा, चरस आणि भांगही होती. म्हणजे दिल्लीचा 1985 चा कायदा येण्याच्या 36 वर्षे आधी या राज्यात गांजाचे झाड मनास येईल तसे लावण्याची सोय राहिली नव्हती. मादक पेये आणि आरोग्याला घातक मादक द्रव्ये बंद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, हे राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे. ते वॉशिंग्टनने लिहून पाठवलेले नव्हते. गांधीविचाराच्या चळवळीने दारूच्या गुत्त्याबरोबर गांजाचे दुकानही बंद करायला सांगितले होते, ही आठवण आज अनेकांना गैरसोयीची वाटते.

अमेरिकेचे दडपण नव्हतेच, असे मात्र म्हणता येणार नाही. 1961 च्या अंमली पदार्थविषयक एकेरी करारामागे तिचा जोर मोठा होता. पण गांजा-चरस आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणण्याचा पहिला आग्रह 1924-25 च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तने धरला होता. 1961 च्या करारात भारताने आपले म्हणणे बरेचसे मान्य करून घेतले. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया 'गांजा'च्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. सरकारमान्य भांगेची दुकाने उत्तरेत आजही चालतात ती यामुळे. गांजाचा बिगरवैद्यकीय वापर थांबवायला करार लागू झाल्यापासून 25 वर्षांची मुदत मिळाली. करार डिसेंबर 1964 मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत 1989 अखेरपर्यंत. नोव्हेंबर 1985 मध्ये अमलात आलेल्या एनडीपीएस या अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यानेही गांजाच्या लागवडीवरची बंदी केंद्राने अधिसूचना काढेपर्यंत पुढे ढकललेली होती. एका फटक्यात घडलेली ही गोष्ट नव्हे. शतकभर आवळत आलेल्या फासाची ती शेवटची गाठ होती.

गांजा तणासारखा उगवतो, हे विधान हिमालयापुरते खरे आहे. उत्तराखंड, हिमाचलच्या उतारांवर रस्त्याकडेला भांगेची झाडे माजलेली दिसतात. पण त्या झाडांना गांजा म्हणत नाहीत. गांजा म्हणजे फळ न धरलेल्या मादी झाडाचा राळेने चिकट झालेला शेंडा. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि पराग वाऱ्याने उडतो. शेतात एखादे नर झाड उभे राहिले तरी भोवतालच्या माद्या बी धरतात, राळ कमी होते आणि माल हलका पडतो. तेव्हा तण उगवण्यापासून गांजा पिकण्यापर्यंतचा सगळा प्रवास मनुष्यबळाचा आहे.

नवगावची पद्धत डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1893 मध्ये तपशीलवार नोंदवून ठेवली आहे, आणि ती वाचल्यावर 'काही करावे लागत नाही' हे म्हणण्याची छाती होत नाही. जमीन उंचवट्याची, सावली नसलेली, पाण्याचा निचरा होणारी हवी. उन्हाळ्यापासून तिची नांगरट सुरू होई. भोवतालच्या चरांतली ताजी माती उपसून शेतात पसरायची. ऑगस्टमध्ये रोपवाटिकेत बी टाकायचे, सप्टेंबरमध्ये रोपे उपटून सरींच्या वरंब्यावर लावायची, मग शेणखत आणि पेंड द्यायची, खालच्या फांद्या छाटायच्या. नोव्हेंबरात फुलोऱ्याची चाहूल लागली की पोद्दार किंवा परखदार नावाचा जाणकार बोलावला जाई. तो ओळीओळीने वाकून पेर तपासायचा आणि नर दिसला की मोडायचा. मागून शेतकरी ती झाडे उपटत जाई. एका फेरीने भागत नसे. नजरेतून सुटलेले नर काढायला शेतकरी पुन्हा पुन्हा शेत पालथे घाली, कारण एरवी मादी असलेल्या झाडावरही मध्येच एखादे नरफूल येते. पुढे पाण्याच्या पाळ्या. जानेवारी-फेब्रुवारीत कापणी झाल्यावर शेंडे उन्हात टाकून, माणसांनी रांगेने उभे राहून पायांनी तुडवून 'चपटा' गांजा करायचा, किंवा हाताने वळून 'गोल'. गळून पडलेला भुगा तो 'चूर'. ऊस किंवा द्राक्ष लावणाऱ्याला ही मेहनत नवी नाही. पण जो कोरडवाहू शेतकरी मजूर परवडत नाही म्हणून सोयाबीनकडे वळला, त्याला हे पीक तारणार आहे असे सांगणे ही थट्टा आहे.

उघड्यावरच्या पिकाचे आणखी एक दुखणे महाराष्ट्राच्या हवामानात दडलेले आहे. दिवस लहान होऊ लागले की हे झाड फुलोऱ्यावर येते. खरिपात लावलेल्या झाडाचे शेंडे भरण्याची वेळ आणि परतीच्या पावसाची वेळ एकच. दाट, ओलसर शेंड्यात बुरशी आतून धरते, आणि ती बाहेर दिसेपर्यंत माल गेलेला असतो. द्राक्षबागायतदार ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाला का भितात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. त्यातून औषधी वापरासाठी माल विकायचा तर बुरशी, कीटकनाशकांचे अंश आणि जड धातू यांच्या चाचण्या आल्या. त्यामुळेच जगभरच्या औषधी गांजाचा मोठा हिस्सा आज काचघरांत आणि बंदिस्त खोल्यांत पिकतो. उघड्या रानाची बाजू त्या बाजारात आधीच पडती आहे.

एवढे सांगितल्यावर युक्तिवाद सहसा कूस बदलतो. नशेचा गांजा जाऊ द्या, धाग्याची आणि बियांची भांग तरी लावू द्या, असे म्हटले जाते. ही मागणी अधिक समंजस आहे आणि तिला कायद्यात जागाही आहे. एनडीपीएस कायद्याचे कलम 14 धागा, बिया आणि बागकामासाठी अशी लागवड करू देण्याची तरतूद करते. उत्तराखंडने 2018 मध्ये देशात प्रथम असा परवाना दिला. अट अशी की झाडातील टीएचसी हा नशेचा घटक 0.3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पण गांजाच्या भावाचे स्वप्न दाखवून धाग्याच्या पिकाची मागणी करणे ही दिशाभूल आहे, कारण ही दोन पिके एकमेकांच्या जवळ नांदू शकत नाहीत. धाग्याच्या शेतात नर झाडे राखली जातात आणि त्यांचा पराग काही किलोमीटर जातो. शेजारच्या गावात कोणी औषधी गांजा लावला असेल तर तो बियांनी भरून जाईल. उलट, आसपास रानभांग असेल तर त्या परागाने राखून ठेवलेले बियाणे बिघडते आणि पुढच्या हंगामात टीएचसी मर्यादेबाहेर जाऊ शकते. मर्यादा ओलांडलेले पीक अधिक भावाने विकता येत नाही, ते नष्ट करावे लागते.

बियाण्याचा प्रश्न इथेच संपत नाही. कमी टीएचसीचे बहुतेक नामांकित वाण युरोपातले आहेत आणि ते तिथल्या लांब उन्हाळी दिवसांना सरावलेले. सोलापूर किंवा यवतमाळच्या अक्षांशावर दिवस त्या मानाने लहान, म्हणून असे वाण उंची गाठण्याआधीच फुलतात आणि धागा आखूड राहतो. शिवाय कापणीनंतर ताटे सडवायची, वाळवायची आणि सालीपासून धागा सोडवायचा. अंबाडी सडवणारे हात अजून काही गावांत असतील, पण धागा सोडवणारी यंत्रे आणि तो विकत घेणाऱ्या गिरण्या कुठे आहेत? कापसाला कमी पाणी लागते की भांगेला, या चर्चेत पाने खर्ची पडतात. पण खरेदीदार नसलेल्या पिकाला थोडेसे पाणी लागले काय आणि मुळीच लागले नाही काय, शेतकऱ्याच्या हिशेबात फरक पडत नाही.

आता भावाकडे वळायला हवे, कारण सगळ्या युक्तिवादाचा जीव तिथे आहे. शहरात गांजा ज्या दराने विकला जातो त्यात झाडाची किंमत नगण्य असते. मोठा वाटा असतो तो जोखमीचा: नाक्यावर पकडले जाण्याचा, गाडी जप्त होण्याचा, दहा-वीस वर्षे तुरुंगात जाण्याचा, वाटेतल्या प्रत्येकाचे तोंड बंद ठेवण्याचा. महाराष्ट्रात येणारा बराचसा गांजा आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांतून येतो. 'शीलावती' हे तिथल्या मालाचे नाव पोलिसांच्या कागदांतही रूढ झाले आहे. तिथला आदिवासी शेतकरी हे पीक वर्षानुवर्षे घेत आला, पण त्या पैशाने मलकानगिरी किंवा कोरापुट श्रीमंत झालेले नाहीत. पैसा वाहतूक करणाऱ्याच्या आणि त्याच्या वरच्याच्या खिशात गेला. आंध्र पोलिसांनी 2021 मध्ये 'परिवर्तन' नावाची मोहीम काढून हजारो एकर पीक उपटले, तेव्हा आडवे झाले ते पीक लावणाऱ्याचे शेत.

बंदी उठली की जोखीम जाते, आणि जोखमीबरोबर तो भावही जातो. मोहोळच्या अर्जातला हिशेब ज्या दरावर बसवला होता, तो दर अर्ज मंजूर होताच नाहीसा झाला असता. अमेरिकेत 2018 च्या शेतीविषयक कायद्याने कमी टीएचसीची भांग मोकळी केली. हजारो शेतकरी सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाच्या तेलाच्या आशेने तिकडे वळले, माल उदंड झाला आणि भाव कोसळला. तिथल्या कृषी खात्याच्या आकड्यांनुसार 2021 मध्ये भांगेच्या पिकाचे मूल्य सुमारे 82.4 कोटी डॉलर होते, 2022 मध्ये ते 23.8 कोटींवर आले. एका वर्षात इतकी घसरण कांद्याच्या इतिहासातही शोधावी लागेल.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिथे प्रश्न नशेच्याच गांजाचा होता आणि उघड्यावर पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांचाच होता. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांच्या डोंगरांत दोन-तीन पिढ्या लपूनछपून हे पीक घेतले गेले. 2016 च्या सार्वमताने ते कायदेशीर झाले, आणि मोठ्या शेतांना पहिली पाच वर्षे परवाना मिळणार नाही असे छोट्यांना आश्वासन होते. नियम लिहिताना मात्र एकाच कंपनीला कितीही छोटे परवाने जोडून घेण्याची वाट मोकळी ठेवली गेली. जानेवारी 2018 मध्ये बाजार उघडला तेव्हा मोठे भांडवल शेजारी येऊन बसलेच होते. वर वाळलेल्या फुलांवर वजनानुसार लागवड-कर. घाऊक भाव गडगडला तरी कर तेवढाच. तो 1 जुलै 2022 पासून रद्द झाला, पण तोवर डोंगरातली अनेक शेते बंद पडली होती. कायद्याच्या आड लपून ज्यांनी संसार केला, त्यांना कायदेशीरपणाने बाजाराबाहेर काढले. थायलंडने जून 2022 मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला, त्यानंतर तिथेही लागवडीची झुंबड उडाली आणि भाव पडले. जून 2025 मध्ये फुलांची विक्री पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीला बांधली गेली. ज्यांनी शेतात पैसा घातला होता त्यांनी तो कोणाकडे मागायचा?

भारतात औषधी गांजाची कायदेशीर शेती कशी दिसेल, याचा अंदाज बांधायला परदेशी जाण्याची गरज नाही. 1961 च्या कराराचे 28 वे कलम सांगते की गांजासाठी लागवड करू द्यायची तर तिच्यावर अफूच्या पिकाइतकेच नियंत्रण हवे. म्हणजे सरकारी यंत्रणेने शेतकरी आणि क्षेत्र ठरवायचे आणि काढणीनंतर चार महिन्यांच्या आत सगळा माल ताब्यात घ्यायचा. ही पद्धत मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर आणि राजस्थानच्या लगतच्या जिल्ह्यांत चालू आहे. ग्वाल्हेरचे केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो दरवर्षी पट्टे देते. पट्टा काही गुंठ्यांचा. बोंडांना चिरा देऊन गोळा केलेला चीक रोज गावच्या लंबरदाराकडे मोजून नोंदवायचा. ठरलेल्या किमान प्रतीचा आणि वजनाचा माल भरला नाही तर पुढच्या वर्षी पट्टा मिळेलच असे नाही. सरकारी दर काळ्या बाजाराच्या आसपासही नसतो, आणि चीक बाजूला काढून विकला तर कलम 19 नुसार किमान दहा वर्षे सक्तमजुरी. तरी तिथले शेतकरी पट्टा सोडत नाहीत, कारण त्याला प्रतिष्ठा आहे आणि हक्काचे गिऱ्हाईक आहे. ही व्यवस्था वाईट नाही. पण ती सुमारे लाखभर कुटुंबांची, तुकड्यातुकड्यांची, सतत पहाऱ्याखालची शेती आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कर्जाचा डोंगर तिने हलायचा नाही.

बंदीच्या टीकाकारांचे जे म्हणणे खरे आहे, ते दुर्दैवाने या भावाच्या गलबल्यात बुडून जाते. एनडीपीएस कायद्यात बाळगण्याच्या गुन्ह्याला प्रमाणानुसार पायऱ्या आहेत. गांजा 1 किलोहून कमी असेल तर अल्प प्रमाण, 20 किलोंहून अधिक असेल तर व्यापारी प्रमाण, आणि शिक्षा त्या मानाने. लागवडीच्या गुन्ह्याला मात्र पायरीच नाही. कलम 20 च्या पहिल्या भागानुसार परसातल्या एका झाडालाही दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि दोन एकरांच्या शेतालाही तेवढेच. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला वनजमिनीवरची गांजाची शेते वेळोवेळी उपटली जातात, इतरत्र तुरीच्या, कपाशीच्या किंवा उसाच्या सऱ्यांत लपवलेली झाडे सापडतात. अटक होते ती बहुधा राखणदाराची किंवा सातबाऱ्यावर नाव असलेल्याची. बी आणून देणारा आणि माल उचलणारा पंचनाम्यात सहसा नसतो. पंचनाम्यात झाडे मुळ्या, माती, खोड आणि पानांसकट तोलली जातात. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फक्त फुलोऱ्याचा शेंडा असताना वजन मात्र सगळ्या झाडाचे धरले जाते, आणि त्या वजनावर बाळगण्याच्या गुन्ह्यातले व्यापारी प्रमाण ठरवून जामिनाची वाट अडवली जाते. न्यायालयांत हा वाद पुन्हा पुन्हा उभा राहतो. तो निकाली निघेपर्यंत आरोपी आत असतो.

यातल्या कोणत्याही गोष्टीवर जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जाने उपाय होत नाही. लागवडीला परवाना देण्याचे नियम करण्याचा अधिकार कलम 10 ने राज्य सरकारला दिलेला आहे. तो वापरायचा की नाही, हा मुंबईतल्या मंत्रिमंडळाचा प्रश्न. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर 2024 मध्ये नियंत्रित लागवडीच्या बाजूने ठराव केला, त्याआधी आमदारांच्या समितीने इतर राज्ये पाहून अहवाल दिला होता. महाराष्ट्रात त्याच वाटेने जायचे तर आधी कृषी विद्यापीठांच्या शेतांवर इथल्या अक्षांशाला जुळणारे कमी टीएचसीचे वाण तपासावे लागतील, आणि धागा किंवा बिया घेणारा खरेदीदार परवान्याआधी नक्की करावा लागेल. शिक्षेच्या पायऱ्या हा संसदेचा विषय आहे. तिथली दुरुस्ती दोन-तीन ओळींची असू शकते: लागवडीच्या गुन्ह्यातही झाडांच्या संख्येनुसार अल्प आणि व्यापारी असा भेद करावा, आणि तोलताना खोड, मुळ्या व सुटी पाने वगळावीत.